लाड, चैन आणि 'आजच्या दिवस चालेल': यात दोष नेमका कुठे असतो?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. एका शब्दाविषयी विचारायचे आहे, पण त्यामागे घरातली एक अडचण आहे, म्हणून आधी तीच सांगते.

गेले वर्षभर वडिलांची देखभाल माझ्याकडे आहे. त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. दुपारचे जेवण झाले तरी ते ताटावरून उठत नाहीत. रिकाम्या वाटीत चमचा फिरवत बसून राहतात. तोंडाने काही मागत नाहीत. वाटीच्या कडेला लागणाऱ्या चमच्याचा तो बारीक आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो आणि पुढे काय होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते. "आजच्या दिवस चालेल," असे म्हणून मी चमचाभर गोड वाढते. धाकट्या बहिणीच्या मते हे फाजील लाड आहेत, आणि त्यात प्रेमापेक्षा माझी स्वतःची सुटका अधिक आहे, कारण नाही म्हणण्याचा त्रास मला नको असतो.

तिचे म्हणणे मी मनावर घेतले नसते. पण अलीकडे रात्री अंथरुणात मोबाइल पाहता पाहता दीड वाजतो, आणि तेव्हा मी स्वतःलाही त्याच सुरात तेच वाक्य ऐकवते, हे माझ्या लक्षात आले. इंग्रजीत या दोन्हींना 'इंडल्जन्स' म्हणतात. युरोपात एके काळी पैसे घेऊन पापक्षमेची पत्रे विकली जात, त्यांनाही हाच शब्द आहे. आपल्याकडे मात्र लाड, चैन, चोचले, मुभा, आहारी जाणे असे निरनिराळे शब्द आहेत. मग ही एकच गोष्ट आहे की अनेक? आणि धर्म व नीती ज्याला दोष म्हणतात, तो सुखात असतो की आणखी कशात? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी होईन.

जुनी पाने

आपण दिलेले सगळे शब्द एका सुतात ओवणारा एक साधा शब्द मराठीत आहे, आणि तो म्हणजे 'सूट'. नियम आहे, तो सर्वांना मान्य आहे, आणि तरीही कोणीतरी कोणालातरी त्यातून तेवढ्यापुरते वगळतो. लाडांत हेच होते, मुभा देण्यात हेच होते, आणि आपल्या 'आजच्या दिवस'मध्येही हेच आहे, कारण उद्या नियम पुन्हा लागू होणार हे त्या शब्दांत गृहीतच धरलेले असते.

मूळ लॅटिन 'इंडुल्गेन्तिया' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. त्याचा अर्थ सौम्यपणा, मायेने सैल सोडणे. आईबापांनी मुलाशी वागावे तसे वागणे. रोमन सम्राटांनी हा शब्द आपल्या कृपेसाठी वापरला आणि 'सम्राटाची इंडुल्गेन्तिया' अशी अक्षरे नाण्यांवरही पाडली. करातून किंवा शिक्षेतून सूट मिळाली, की तिला हेच नाव असे. ४३८ साली प्रसिद्ध झालेल्या थिओडोसियन विधिसंहितेत गुन्ह्यांच्या माफीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ईस्टरच्या सणाला कैदी सोडण्याचे हुकूम त्यात आहेत आणि खून, व्यभिचार, राजद्रोह अशा गुन्ह्यांतील कैद्यांना त्यातून वगळलेले आहे. म्हणजे सुटीला तेव्हाही मर्यादा होती आणि ती कागदावर लिहिलेली होती.

आता पापक्षमेच्या पत्रांविषयी. आपण लिहिले ते सर्वत्र प्रचलित आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे पापाची क्षमा पश्चात्ताप आणि धर्मगुरूपुढे दिलेली कबुली यांतून मिळते. 'इंडल्जन्स'ने ती मिळत नाही. मात्र पाप माफ झाले तरी त्याबद्दलचा एक ऐहिक दंड उरतो, तो प्रायश्चित्ताने इथे किंवा मृत्यूनंतरच्या शुद्धीच्या अवस्थेत भोगून संपवावा लागतो, आणि या उरलेल्या दंडातून मिळणारी सूट म्हणजे 'इंडल्जन्स'. हे आपल्याला मराठीत समजायला फार सोपे आहे, कारण 'भोग' हा शब्द आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चालतो. विषयांचे भोग असतात आणि कर्माचे भोगही असतात. एक माणूस भोगात लोळतो आणि दुसरा 'भोग चुकत नाहीत' म्हणून कपाळाला हात लावतो. चर्च देत असे ती भोगातून सूट, आणि आपण स्वतःला देतो ती भोगायची सूट. एका शब्दाचे हे दोन अर्थ इतके लांब कसे गेले, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. 'भोग' या शब्दाकडे नीट पाहिल्यावर ते ओसरले.

ही सूट आधी दुर्मीळ होती. १०९५ साली क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरे यांनी धर्मयुद्धाला जाणाऱ्यांना ती देऊ केली, ती जीव धोक्यात घालण्याच्या बदल्यात. १३०० साली बोनिफेस आठवे यांनी रोमच्या यात्रेसाठी दिली. १३४३ साली क्लेमेंट सहावे यांनी तिचे तत्त्व मांडले: ख्रिस्त आणि संत यांच्या पुण्याचा अक्षय साठा चर्चकडे आहे आणि त्यातून ती देता येते. १४७६ साली ती मृतांच्या आत्म्यांसाठीही मिळवता येऊ लागली, आणि तिथून गाडी उताराला लागली असे माझे मत आहे, कारण ज्याला सूट मिळते त्याने पश्चात्ताप केला की नाही, हे विचारण्याची सोयच त्यात उरली नाही.

मला यातले सर्वांत बोलके काही वाटत असेल, तर तो एक कागद. सुट्या खिळ्यांनी (टाइपांनी) छापलेल्या आणि तारीख असलेल्या युरोपातील सर्वांत जुन्या कागदांत १४५४ सालची जर्मनीतील माइन्झ येथे छापलेली हीच पत्रे येतात. मजकूर छापील आहे, आणि घेणाऱ्याचे नाव व तारीख हाताने भरण्यासाठी मध्ये जागा कोरी सोडली आहे. कोणाची चूक काय, हे ठरण्याआधीच सुटीचा नमुना तयार! पुढे १५१५ नंतर रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी जी मोहीम निघाली, तिच्यातला निम्मा पैसा माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी फुगर पेढीकडून घेतलेले कर्ज फेडण्यात जाणार होता. त्यांच्या सूचनापत्रात ऐपतीप्रमाणे दर ठरवलेले होते: राजेराण्यांसाठी सोन्याची २५ नाणी आणि त्याखालच्यांसाठी उतरत्या क्रमाने कमी, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करावेत. योहान टेट्झेल या धर्मोपदेशकाने याच मोहिमेत गावोगाव प्रवचने केली, आणि ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी या विक्रीवर आक्षेप घेणारी आपली ९५ विधाने आल्ब्रेख्त यांनाच पाठवली. १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या अशा सर्व सुटी रद्द केल्या. सूट ही संकल्पना मात्र चर्चने सोडलेली नाही, ती आजही आहे. '१०० दिवसांची सूट' ही भाषा १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी बंद केली. तिचा अर्थ जुन्या काळच्या १०० दिवसांच्या प्रायश्चित्ताइतके फळ असा होता, पण लोक मृत्यूनंतरचे १०० दिवस वजा करत बसत.

अधोरेखित

'जुनी पाने' यांचा प्रतिसाद उत्तम आहे. पण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग, म्हणजे दोष सुखात आहे की आणखी कशात, तसाच राहिला. त्याबद्दल लिहितो.

ॲरिस्टॉटल यांनी भोगासक्तीसाठी वापरलेला ग्रीक शब्द 'अकोलासिया' असा आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'शिक्षा झालेली नसणे' असा होतो. मुलांच्या दोषांनाही हाच शब्द लावतात, याची ते आवर्जून नोंद करतात. म्हणजे लॅटिनमध्ये सूट देणाऱ्याचे नाव आहे आणि ग्रीकमध्ये सूट घेऊन घेऊन जो तयार झाला त्याचे. आपल्याकडच्या 'लाडावलेला' या शब्दात ही दोन्ही टोके एकत्र आहेत, हे मला फार आवडते: त्या एका शब्दात लाड करणारा आहे, लाड करून घेणारा आहे आणि मध्ये गेलेली वर्षेही आहेत.

ते आणखी एक भेद करतात आणि आपल्या रात्रीच्या मोबाइलला तो थेट लागू पडतो. एक माणूस कळते पण वळत नाही या जातीचा असतो. चुकीचे आहे हे जाणून ओढीपुढे हरतो आणि नंतर हळहळतो. दुसरा मात्र हे सुख घेणेच योग्य आहे असे ठरवून घेतो आणि त्याला पस्तावा होत नाही. पहिल्याला ते चांगले कायदे असून ते न पाळणाऱ्या नगराची उपमा देतात आणि दुसऱ्याला वाईट कायदे कसोशीने पाळणाऱ्या नगराची. दुसरा सुधारण्यापलीकडचा, असा त्यांचा निर्वाळा आहे. आपण दीड वाजता घड्याळ पाहून चुटपुटता, याचा अर्थ आपण अजून पहिल्या नगरात राहता. पण 'आजच्या दिवस चालेल' हे वाक्य रोज उच्चारले, की तो त्या नगराचा नवा कायदाच होतो, आणि मग माणूस जागचा न हलता दुसऱ्या नगराचा रहिवासी झालेला असतो.

बुद्धांनी सारनाथच्या पहिल्या उपदेशात जी दोन टोके टाळायला सांगितली, त्यांची पाली नावे 'कामसुखल्लिकानुयोग' आणि 'अत्तकिलमथानुयोग' अशी आहेत. सुखाचे आणि देहदंडाचे हे मार्ग एकमेकांच्या विरुद्ध आहेत. परंतु 'अनुयोग', म्हणजे स्वतःला जुंपून घेणे, हा शब्द दोन्हींत आहे आणि दोष तिथे आहे असे मी वाचतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही जेवण सोडणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी सुटत नाही, असे म्हटले आहे. रोज मनात गोडाचा हिशोब करत गोड टाळणारा माणूस आणि रोज ते खाणारा माणूस यांच्या डोक्यात दिवसभर एकच वस्तू असू शकते.

म्हणून माझे उत्तर असे, की सूट देणारा आणि घेणारा वेगळे असतील तर दोघांमध्ये काहीतरी आडवे येते. विचारावे लागते, नकाराची शक्यता असते, थोडा संकोच असतो. स्वतःला सूट देताना न्यायाधीश, आरोपी आणि वकील एकाच अंथरुणात झोपलेले असतात. वडिलांना आपण चमचाभर देता, वाटीभर देत नाही. स्वतःला देताना तो चमचा कोणी धरलेला नसतो. आपल्या दोन प्रसंगांत मला फरक दिसतो तो एवढाच, पण तो लहान नाही.

तिसरी बाजू

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मी थोडी अस्वस्थ झाले. सूट हा शब्द इतक्या सहजपणे स्वीकारण्यापूर्वी त्यातला एक काटा पाहावा. जिथे सूट आहे तिथे सूट देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा याने १६७२ साली राजमान्य चर्चबाहेरच्या पंथीयांना उपासनेची मोकळीक देणारा जाहीरनामा काढला; त्याचेही अधिकृत नाव 'इंडल्जन्स'चा जाहीरनामा असेच होते. पुढच्याच वर्षी संसदेच्या दबावामुळे त्याने तो मागे घेतला. सुटीचे हे असे असते: देणाऱ्याची मर्जी फिरली की ती जाते. हक्क असता तर तो असा काढून घेता आला नसता.

घरातही हेच चालते. दिवसभर राबणारी बाई दुपारी तासभर आडवी झाली तर तिचे 'लाड' होतात, आणि त्याच घरातला पुरुष आडवा झाला तर तो 'विश्रांती' घेतो. पोटापुरते मिळवणाऱ्याने हौसेची एखादी वस्तू घेतली की ती 'चैन', आणि ज्याच्याकडे ती आधीपासूनच दहा आहेत त्याची ती 'आवड'. कशाला चैन म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे न विचारता केलेली चर्चा मला अर्धवट वाटते. रोममध्ये इ. स. पू. २१५ साली, युद्धाच्या धामधुमीत, एक कायदा झाला: स्त्रियांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोने बाळगू नये, रंगीबेरंगी वस्त्रे नेसू नयेत, सणाचा प्रसंग वगळता शहरात गाडीतून फिरू नये. युद्ध संपले तरी कायदा राहिलाच. अखेर इ. स. पू. १९५ मध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि थोरला केटो या रोमन राजकारण्याने कडाडून विरोध करूनही तो रद्द झाला. सैल सोडल्याने बिघडेल अशी चिंता तिथे नेमकी कोणाविषयी होती, ते उघड आहे.

शिवाय मराठीतला 'चैन' शब्द एकदा कानाने ऐकावा. 'चैन करणे' हे आपण नाक मुरडून म्हणतो, पण 'चैन पडत नाही' हे दुःख असते. चैन मुळीच नसेल तर माणूस बेचैन होतो, ही भाषेनेच दिलेली कबुली आहे. ज्या आजारी वडिलांचे जेवण, झोप, औषध आणि बाहेर जाणे हे सगळे इतरांनी ठरवलेले आहे, त्यांच्या हाती वाटीतला तो चमचाच काय तो उरला असेल. त्याला 'लाड' म्हणण्याआधी मी दोनदा विचार करीन. आणि दिवसभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या मुलीने रात्री स्वतःचा वेळ चोरून घेतला, तर ती तक्रार मोबाइलविरुद्ध करायची की दिवसाविरुद्ध?

मोजपट्टी

थोडक्यात दोन गोष्टी नोंदवतो, कारण या विषयावर प्रयोगही झाले आहेत.

१९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन पाळत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी खाल्ले. ज्या बंधन पाळत असत, त्यांनी उलट जास्त खाल्ले. नेम मोडलाच आहे, तर आता पुरता मोडू दे, असा हा हिशोब होता. म्हणजे कडक बंदी आणि बेसुमार भोग यांचे एकमेकांशी साटेलोटे असते. डॉक्टरांना 'पूर्ण बंद'ऐवजी 'किती आणि केव्हा' असे विचारून घ्यावे; काहींच्या बाबतीत मोजके गोड इतर आहारात बसवता येते, पण ते तेच सांगू शकतील.

दुसरी गोष्ट म्हणजे, आधी काही चांगले केले की नंतर स्वतःला सूट देण्याकडे कल वाढतो, असे मोनिन आणि मिलर यांच्या २००१ सालच्या प्रयोगांपासून मांडले जाते. नंतरच्या काही पुनर्प्रयोगांत हा परिणाम पुष्कळ कमी दिसला, तेव्हा त्यावर फार भार देऊ नये. तरीही 'दिवसभर सेवा केली, आता एवढे तरी' हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलेले असते. पुण्याचा साठा करून त्यातून सूट काढायची, हे १३४३ सालचे तत्त्व आपण घरोघरी चालवतो आहोतच, फक्त साठा स्वतःचाच असतो.

जुनी पाने

'तिसरी बाजू' यांचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र एका दुरुस्तीसह. सूट देणारा नेहमी वरच असतो असे नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांना विनवतात, की न्यून ते पुरते आणि अधिक ते सरते करून घ्यावे. आणि त्याच्या थोडे आधी, मूल बोबडे बोलले तरी मायबापांना अधिकच संतोष होतो, असा दाखला देतात. इथे सूट मागणारा श्रोत्यांपेक्षा कितीतरी थोर आहे. त्या मागण्यात लाजही नाही आणि लबाडीही नाही, कारण आपले न्यून त्याने आधीच उघडपणे पुढे ठेवलेले आहे. टेट्झेल यांच्या कागदावर फक्त नावाची जागा कोरी होती. न्यून लिहायला जागाच नव्हती.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि बहिणीलाही पाठवले. तिला 'अधोरेखित' पटले आणि मला 'तिसरी बाजू', हे सांगायला नकोच.

डॉक्टरांना विचारले. त्यांनी आठवड्यातून दोनदा, जेवणाबरोबर, मोजून, आणि रक्तातील साखरेची नोंद ठेवण्याच्या अटीवर परवानगी दिली. काल दुपारी चमच्याचा आवाज आला, तेव्हा मी 'चालेल' म्हटले नाही आणि 'नको'ही म्हटले नाही. नोंदीची वही आणि गोडाचे भांडे दोन्ही त्यांच्यासमोर ठेवून शेजारी बसले. त्यांनी चष्मा मागितला. मागच्या पंधरा दिवसांचे आकडे बोट फिरवत वाचले, एका आकड्यावर थांबून "हा तुझ्या आत्याकडे गेलो होतो त्या दिवशीचा," असे म्हणाले, आणि मग स्वतःच भांड्यातून अर्धा चमचा घेतला. "लिही, अर्धा," असे सांगून ते हळूहळू खात राहिले. वर्षभरात पहिल्यांदाच ते जेवणानंतर लगेच उठले.

माझ्या बाबतीत प्रगती एवढी नाही. चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवला आहे. पहिली रात्र ठीक गेली. दुसऱ्या रात्री सव्वा वाजता मी तो आणायला उठले, तर वडील जागे होते आणि त्यांनी अंधारातूनच विचारले, "वहीत लिहायचे का?"